मिनी ट्रॅक्टरसाठी जुना रोटाव्हेटर: पारखून घेणे आणि सांभाळणे

मिनी ट्रॅक्टर घरी आला की पहिली गरज पडते ती रोटाव्हेटरची, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराची. जुन्नरकडील द्राक्षबागेच्या दोन ओळींमधील जागा असो, इंदापूरची डाळिंबाची बाग असो, पुरंदरमधील अंजीर-सीताफळाचे लहान तुकडे असोत, किंवा मुळशीत फार्महाउसमागे काढलेली वीस गुंठ्यांची भाजी असो, मोठा ट्रॅक्टर जिथे वळत नाही तिथे हेच अवजार वर्षभर राबते. नव्या ट्रॅक्टरचे हप्ते चालू असताना अवजारही नवे घेणे अनेकांना जड जाते, म्हणून जुन्या रोटाव्हेटरचा शोध सुरू होतो. त्यात काही गैर नाही. मात्र या यंत्राची एक खोड ध्यानात ठेवावी लागते. त्याचे जे भाग डोळ्यांना दिसतात, म्हणजे पाती, पत्रा आणि रंग, ते स्वस्तात बदलता येतात. आणि जे भाग महाग आहेत ते दोन बंद पेट्यांत असतात, एक मधला गिअरबॉक्स आणि दुसरी बाजूची चेन किंवा गिअरची पेटी. बहुतेक ग्राहक पाती पाहून भाव करतात आणि पेट्या न उघडताच पैसे मोजतात. खरेदी आणि देखभाल या दोन्हींची सारी कसरत त्या पेट्यांतील तेलाभोवती फिरते, हे एकदा पटले की पुढचे बरेचसे निर्णय सोपे होतात.

आधी ट्रॅक्टर, मग रोटाव्हेटर

स्वस्तात मिळाला म्हणून मोठा रोटाव्हेटर घेणे ही सर्वांत महागडी काटकसर होय. इंजिनाची जी अश्वशक्ती कागदावर लिहिलेली असते, तिच्यातील साधारण ८० ते ८५ टक्केच पीटीओपर्यंत पोचते, आणि रोटाव्हेटर चालतो तो पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे असलेल्या, अवजाराला शक्ती देणाऱ्या फिरत्या शाफ्टवर. त्यामुळे १५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला अडीच ते तीन फुटी, १८ ते २१ अश्वशक्तीला तीन ते साडेतीन फुटी आणि २४ ते २८ अश्वशक्तीला चार फुटी रोटाव्हेटर शोभतो. जमीन भारी काळी असेल तर या मापांतील लहान आकडा धरावा. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील हलक्या तांबड्या किंवा मळईच्या जमिनीत मोठा चालतो.

दुसरे माप टायरांचे. ट्रॅक्टरच्या मागील दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडांमधील अंतर टेपने मोजावे. रोटाव्हेटरची काम करण्याची रुंदी त्या अंतराइतकी किंवा थोडी जास्त असावी, म्हणजे चाकांनी दाबलेली माती मागून मोकळी होते. ती कमी पडत असेल तर रोटाव्हेटर एका बाजूला सरकवून बसवता येतो का ते पाहावे, कारण तसे केल्यास निदान एका टायरचा माग पुसला जातो आणि बागेत झाडाच्या जवळही जाता येते.

तिसरी बाब जोडणीची. मिनी ट्रॅक्टरांची लिंकेज, म्हणजे अवजार अडकवण्याची मागची तीन टोकांची जोडणी, बहुधा कॅटेगरी १ या ठरलेल्या मापाची किंवा तिचीच अरुंद आवृत्ती असते. दोन्हींत खालच्या पिना २२ मिलिमीटरांच्या आणि टॉप लिंकची, म्हणजे वरच्या दांड्याची, पिन १९ मिलिमीटरांची असते, पण अरुंद प्रकारात खालच्या दोन्ही पिनांमधील अंतर बरेच कमी असते. पिन बसते म्हणून अवजारही बसेल असे गृहीत धरू नये. स्वतःच्या ट्रॅक्टरचे अंतर मोजून कागदावर लिहून न्यावे. पीटीओच्या शाफ्टला सहा दात आणि फेऱ्यांचा वेग मिनिटाला ५४० हे प्रमाण सर्रास आढळते. मात्र काही मिनी ट्रॅक्टरांना पीटीओचे दोन-तीन वेग असतात, तेथे ५४०चाच वेग निवडायचा असतो. जास्त वेगाने काम लवकर उरकते हा समज गिअरबॉक्सच्या मुळावर येतो.

कोठे आणि केव्हा शोधावा

मंचर, नारायणगाव, शिरूर, बारामती आणि दौंड या बाजारगावांतील ट्रॅक्टर विक्रेत्यांकडे बदल्यात आलेली जुनी अवजारे पडून असतात. गावोगावच्या गॅरेजवाल्यांना कोणाचा रोटाव्हेटर विकायचा आहे हे विक्रेत्याच्या आधी कळते, म्हणून ज्या गॅरेजमध्ये आपला ट्रॅक्टर जातो तिथे शब्द टाकून ठेवावा. मे-जूनमध्ये पेरणीपूर्वीच्या मशागतीची आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रब्बीची घाई असते. त्या दिवसांत मालक भाव सोडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस लागून यंत्रे उभी असताना, तोच मालक बोलणी करायला बसतो.

विकणारा स्वतःच्या शेतात वापरत होता की भाड्याने रोटर मारत होता हे आडवळणाने का होईना विचारावे. भाड्याचा रोटाव्हेटर एका हंगामात जितके तास चालतो तितके घरचा कित्येक वर्षांत चालत नाही. तरीही भाड्याचे यंत्र सरसकट नाकारू नये, कारण पोट त्यावर असल्याने काही जण तेल आणि ग्रीस वेळेवर करतात, आणि घरचे यंत्र कित्येकदा तीन वर्षे बांधावर उघड्यावर भिजलेले असते. मावळ, मुळशी किंवा भोर भागातून आलेला रोटाव्हेटर भाताच्या चिखलणीला वापरला होता का, हाही प्रश्न अवश्य विचारावा. चिखलणीसाठी विशेष जलरोधक सील लागतात. साध्या सीलवर चिखलणी झाली असेल तर रोटरच्या (पाती बसवलेल्या फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगमध्ये गाळ शिरल्याची शक्यता धरूनच पुढची पाहणी करावी.

रोटाव्हेटरला ट्रॅक्टरसारखे आरसी बुक नसते. मालकीचा पुरावा म्हणजे मूळ खरेदीचे बिल आणि फ्रेमवरील पट्टीवर कोरलेला क्रमांक. दोन्ही जुळत नसतील, किंवा पट्टी उपटलेली असेल, तर व्यवहार सोडून द्यावा. अवजार सरकारी अनुदानातून घेतलेले असेल तर ठरावीक काळ ते न विकण्याची हमी मालकाने दिलेली असते, आणि कर्जातून घेतलेले असेल तर बँकेचा बोजा असू शकतो. विक्रीची दोन ओळींची लेखी पावती, क्रमांकासह, घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

भावाचा अंदाज बांधताना नव्या रोटाव्हेटरच्या छापील किमतीशी तुलना करून चालत नाही. महाडीबीटी या राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून अनुदान मिळण्याची शक्यता असेल तर नव्याची अनुदान वजा जाता हाती पडणारी किंमत काढावी, आणि जुन्याच्या किमतीत पात्यांचा पूर्ण संच, दोन्ही पेट्यांचे तेल, सील आणि ट्रॅक्टर व रोटाव्हेटर यांना जोडणाऱ्या पीटीओ शाफ्टची दुरुस्ती मिळवावी. जुना घेऊन दुरुस्त करण्याचा एकूण खर्च नव्याच्या या किमतीच्या दोन तृतीयांशाहून पुढे जात असेल, तर माझ्या मते जुन्याच्या नादी लागू नये.

पाहणी

विकणाऱ्याला आधीच सांगावे की यंत्र धुऊ नका, रंगवू नका, आहे तसे दाखवा. नवा रंग मारलेला रोटाव्हेटर वाईटच असतो असे नाही, पण रंगाखाली वेल्डिंगचे ताजे टाके आणि तेलाचे जुने ओघळ दोन्ही लपतात. जाताना टेप, कोरी स्टीलची वाटी, लहान चुंबक, पाने, टॉर्च आणि पहार बरोबर असावी.

प्रथम चौकट पाहावी. टॉप लिंक जिथे जोडली जाते तो वरचा कमानीसारखा भाग, त्याचे पाय आणि गिअरबॉक्सपासून बाजूच्या पेटीकडे जाणारी नळी यांवर सर्वाधिक ताण येतो. तेथे केसाएवढ्या भेगा किंवा वेल्डिंगवर वेल्डिंग दिसले तर यंत्र दगडात किंवा ताकदीबाहेर चालले आहे असे समजावे.

त्यानंतर रोटर. रोटाव्हेटर लाकडी ओंडक्यांवर पक्का टेकवून, ट्रॅक्टरपासून पीटीओ शाफ्ट सुटा करून, रोटर हाताने फिरवावा. चौकटीला बाइंडिंग वायरचा एक तुकडा असा बांधावा की त्याचे टोक रोटरच्या मधल्या पाइपला जेमतेम टेकेल. मग रोटर एक पूर्ण फेरा फिरवून टोक आणि पाइप यांमधील फट कशी बदलते ते पाहावे. हेच दोन्ही कडांना करावे. तीन-चार मिलिमीटरांहून अधिक फरक पडत असेल तर रोटर वाकलेला आहे. वाकलेला रोटर सरळ करून देतो म्हणणारे पुष्कळ भेटतात, परंतु तो पूर्ण सरळ क्वचितच होतो, आणि उरलेल्या थरथराटाने बेअरिंग व सील पुन्हापुन्हा जातात. पात्यांच्या चकत्यांची भोके गोल आहेत की लांबट झाली आहेत हेही याच वेळी पाहावे. लांबट भोकात नवा बोल्ट कितीही आवळला तरी पाते हलत राहते.

आता पहार घ्यावी. रोटरच्या ज्या टोकाला पेटी नसते, म्हणजे साध्या बेअरिंगच्या टोकाला, खालून पहार लावून हलकेच उचकटावे. वर-खाली हालचाल जाणवली तर बेअरिंग संपले आहे. पेटीच्या टोकाला तीच परीक्षा करावी. तेथे हालचाल असेल तर खर्च जास्त, कारण पेटी उघडावी लागते.

मधल्या गिअरबॉक्सच्या पुढे आलेला दातांचा शाफ्ट हाताने डावी-उजवीकडे फिरवून पाहावा. थोडीशी मोकळीक असायलाच हवी. परंतु शाफ्ट बराच फिरल्यावर आत 'ठक्' असा आवाज होऊन मग रोटर हलत असेल, तर क्राउन-पिनियनचे, म्हणजे मधल्या गिअरबॉक्समधील मुख्य गिअरजोडीचे, दात झिजले आहेत किंवा बाजूची चेन सैल झाली आहे. दोन्हींतील फरक कळण्यासाठी बाजूच्या पेटीचे झाकण उघडून चेन बोटाने दाबून पाहावी. चेन सैल असेल तर टेन्शनरला (चेन ताणून धरणाऱ्या भागाला) अजून सरकायला जागा आहे का ते बघावे. जागा उरली नसेल तर चेन नवी टाकावी लागेल, आणि झिजलेल्या चाकांवर नवी चेन टिकत नाही, म्हणून चाकेही हिशोबात धरावीत. बाजूला चेनऐवजी गिअर असतील तर ते जड कामाला बरे, पण एक दात तुटला तरी चेनच्या जोडकडीसारखा झटपट इलाज नसतो.

आणि आता तेल. गिअरबॉक्सचा खालचा प्लग थोडा सैल करून चार चमचे तेल वाटीत घ्यावे आणि उन्हात धरून पाहावे. काळसर पण स्वच्छ तेल चालेल. ते फक्त जुने झालेले आहे. दुधी किंवा राखाडी तेल म्हणजे आत पाणी गेले आहे. तेलात चांदीसारखी बारीक चकाकी असेल तर चुंबक बुडवून काढावे. चुंबकाला थोडी काळी लोण्यासारखी पूड लागणे स्वाभाविक आहे, पण बोटांना टोचतील असे कण किंवा पत्रीसारखे तुकडे लागले तर दात किंवा बेअरिंग तुटू लागले आहे. प्लग काढल्यावर तेल गळण्याऐवजी घट्ट ग्रीस डोकावले, तर विकणाऱ्याकडे एकवार पाहून हसावे आणि भाव निम्म्यावर आणावा. गळणारे सील बदलण्याऐवजी पेटीत ग्रीस भरणे ही जुनी युक्ती आहे. गिअर त्या ग्रीसमध्ये आपल्यापुरती खाच पाडून फिरत राहतात आणि वरची बेअरिंग कोरडी पडतात. प्लग उघडायला मालक तयार नसेल तर त्याचे कारण विचारत बसण्यात वेळ घालवू नये.

शेवटी चालवून पाहणे. रोटाव्हेटर ट्रॅक्टरला जोडून, जमिनीपासून थोडा उचलून, आजूबाजूला आणि विशेषतः मागे कोणी नाही याची खात्री करून, कमी आरपीएमवर पीटीओ लावावा आणि बाजूला उभे राहून ऐकावे. एकसारखी घरघर ठीक. ठराविक अंतराने येणारा ठोका हा तुटका दात, अडकणारी चेन किंवा वाकडा रोटर यांपैकी काहीतरी सांगतो. मग वेग ५४०पर्यंत नेऊन १०-१५ मिनिटे चालू द्यावा. इंजिन बंद करून, सारे थांबल्यावर, गिअरबॉक्सवर तळहात ठेवावा. गरम लागणे योग्यच, पण रिकाम्या चालण्यात हात ठेववत नाही इतका तापला तर बेअरिंग किंवा तेल यांत दोष आहे. त्याच वेळी रोटरच्या दोन्ही टोकांना तेलाचा ओलावा येतो का ते टॉर्चने पाहावे. मालकाच्या शेतात वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, असेल तर एक फेरी मारून पाहण्याची मुभा मागावी.

पाती मी मुद्दाम शेवटी ठेवली आहेत. ती झिजायचीच असतात. झिजलेली पाती भाव कमी करण्यासाठी उत्तम निमित्त आहे, यंत्र नाकारण्यासाठी नव्हे.

पीटीओ शाफ्ट

जुन्या रोटाव्हेटरबरोबर येणारा शाफ्ट बहुधा दुसऱ्याच ट्रॅक्टरच्या मापाने कापलेला असतो, आणि घरी आणल्या आणल्या तोच बसवून कामाला लागण्याची घाई नडते. तो फार लांब असेल तर रोटाव्हेटर उचलताना दोन्ही नळ्या एकमेकींत पूर्ण शिरून शाफ्ट ताठ होतो आणि ट्रॅक्टरच्या पीटीओ बेअरिंगवर व रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सवर आदळतो. फार आखूड असेल तर खाली उतरवल्यावर नळ्या जेमतेम अडकतात आणि वळणावर सुटतात. म्हणून इंजिन बंद ठेवून, रोटाव्हेटर हायड्रॉलिकने खाली-वर करून, ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर यांच्या दातांच्या शाफ्टची टोके सर्वांत जवळ येतात ती उंची शोधावी. त्या स्थितीत नळ्या तळाला टेकण्याआधी निदान एक इंच जागा शिल्लक राहिली पाहिजे, आणि सर्वांत लांब स्थितीत नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश लांबीने गुंतलेल्या असल्या पाहिजेत. कापायचे झाल्यास आतली आणि बाहेरची नळी, तसेच दोन्हींवरील प्लॅस्टिकचे संरक्षक आवरण, सारखेच कापावे, कडा कानसीने घासून नळीला ग्रीस लावावे. पुन्हा जोडताना दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत आले पाहिजेत; ते आडवे-उभे बसले तर सगळे नवे असूनही यंत्र थरथरते.

शाफ्टवरील शिअर बोल्ट हा ठरवून कमजोर ठेवलेला भाग आहे. पाते दगडात अडकले की तो तुटावा आणि गिअर वाचावेत, यासाठीच तो असतो. त्याच्या जागी घरातला मजबूत बोल्ट, सळईचा तुकडा किंवा थेट वेल्डिंग आढळले, तर आजवरचे सर्व धक्के क्राउन-पिनियनने सोसले आहेत हे ओळखावे आणि गिअरबॉक्सची पाहणी दुप्पट कसोशीने करावी. आपण मात्र निर्मात्याने सांगितलेल्या ग्रेडचेच चार-सहा बोल्ट टूलबॉक्समध्ये ठेवावेत. शाफ्टला स्लिप क्लच (जास्त ताण आल्यास घसरून गिअर वाचवणारा क्लच) असेल तर तो गंजून चिकटलेला नाही ना हे दर हंगामाच्या सुरुवातीला स्प्रिंग सैल करून पाहावे. संरक्षक आवरण नसलेला शाफ्ट चालवू नये. पदर, उपरणे, सदऱ्याची बाही, काहीही त्यात गुंतले तर माणूस सोडवायला वेळ मिळत नाही.

ब्रीदर, सील आणि सुतळी

रोटाव्हेटर एकदम मोडत नाही. सील कापले जाते, तेल ओघळते, बेअरिंग कोरडे पडते, शाफ्ट डगमगू लागतो आणि मग गिअरचे दात जातात. या साखळीची पहिली कडी आमच्या भागात बहुतेक वेळा सुतळी असते. नारायणगाव परिसरातील टोमॅटोच्या शेतात बांबूला बांधलेली सुतळी आणि तार, बागेतील ड्रिपच्या लॅटरलचे तुकडे, मल्चिंग पेपरच्या पट्ट्या आणि उसाचे पाचट हे सारे रोटरच्या दोन टोकांना जाऊन गुंडाळले जाते, कारण तिथेच फिरता रोटर आणि स्थिर पत्रा यांच्यात बोटभर फट असते.

पाच-सहा तास मल्चिंगच्या शेतात चाललेल्या रोटाव्हेटरच्या टोकाची संरक्षक रिंग काढून पाहावी. आत सुतळी आणि प्लॅस्टिक मातीसह घट्ट दाबले जाऊन काळी, गरमीने अर्धवट वितळलेली एक कडी तयार झालेली असते. ती बोटांनी सुटत नाही. हॅक्सॉच्या पात्याच्या तुकड्याने आडवी कापून पकडीने ओढावी लागते, आणि ओढताना पात्याची धार सीलकडे जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते. तिच्या मागे सीलची रबरी ओठासारखी कडा दिसते. ती कडा ओली नसेल तर वेळेवर पोचलो असे समजावे. ओली असेल तर आजच पेटीतील पातळी पाहावी आणि चार दिवसांत सील बदलावे. हे काम करताना इंजिन बंद, किल्ली खिशात आणि रोटाव्हेटर ओंडक्यांवर, हे तिन्ही पाळावे. हायड्रॉलिकच्या भरवशावर उचललेल्या यंत्राखाली हात घालू नये.

नवे सील घालूनही पुन्हा पुन्हा गळत असेल तर मिस्त्रीला दोष देण्याआधी ब्रीदर पाहावा. गिअरबॉक्सच्या माथ्यावर बारीक छिद्राचा जो प्लग असतो, तो पेटीत तापलेल्या हवेला बाहेर जायला वाट देतो. चिखलाने छिद्र बुजले की आतला दाब वाढतो आणि तेल सर्वांत कमजोर जागेतून, म्हणजे सीलच्या कडेतून, बाहेर पडते. दर आठवड्याला तो पिनेने मोकळा करणे हे या साऱ्या देखभालीतील सर्वांत स्वस्त काम आहे, आणि सर्वांत जास्त विसरले जाणारेही. तेल पातळीच्या खुणेपेक्षा जास्त भरले तरी असाच दाब येतो. 'थोडे जास्त असू द्या' हा आग्रह येथे उपयोगाचा नाही.

तेल कोणते हे निर्मात्याच्या पुस्तिकेवरून ठरवावे. बहुधा ते ९० किंवा १४० क्रमांकाचे ईपी (जास्त दाब सोसणारे) गिअर ऑइल असते. जुने यंत्र घरी आणल्यावर आधीचे तेल कसेही दिसत असले तरी दोन्ही पेट्यांतील काढून टाकावे आणि नवे भरावे. त्यानंतर २५ ते ३० तासांनी पुन्हा एकदा प्लग उघडून चुंबकाची परीक्षा करावी. त्या वेळी स्वच्छ निघाले तर पुढे हंगामातून एकदा बदलणे पुरते. पातळी मात्र रोज पाहावी. शाफ्टच्या दोन्ही क्रॉसना (सांध्यांना) आणि जिथे निपल (ग्रीस भरण्याचे टोक) असेल त्या बेअरिंगला दर आठ तासांनी ग्रीस द्यावे. निपल आधी फडक्याने पुसावे, नाहीतर ग्रीसबरोबर माती आत जाते.

सील किंवा बेअरिंग काढल्यावर टाकून देऊ नये. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरांत छापलेली असते, बेअरिंगवर त्याचा क्रमांक असतो. ते घेऊन पुण्यातील नाना पेठेतील किंवा भोसरीतील बेअरिंगच्या दुकानात गेल्यास, यंत्राचा निर्माता कोणीही असो, त्याच मापाचा चांगल्या कंपनीचा भाग बहुधा मिळतो. चेन, क्राउन-पिनियन आणि पेटीची झाकणे मात्र त्या त्या निर्मात्याकडूनच घ्यावी लागतात. म्हणूनच अनोळखी नावाचा, ज्याचा विक्रेता जिल्ह्यात नाही असा रोटाव्हेटर कितीही स्वस्त असला तरी मी घेणार नाही.

पाती

मिनी रोटाव्हेटरला बहुधा 'एल' आकाराची पाती असतात. कडक किंवा ओलसर जमिनीसाठी 'सी' आकाराचीही मिळतात. पात्याची रुंदी नव्याच्या निम्म्यावर आली की ते बदलावे. त्याच्या पुढे डिझेल जास्त जळते आणि माती कापली न जाता आपटली जाते. सगळी एकदम खोलून ठेवू नयेत. डावी आणि उजवी पाती वेगळी असतात, ती रोटरवर नागमोडी क्रमाने लावलेली असतात आणि दोन्ही टोकांची पाती आतल्या बाजूला वळलेली असतात. एका चकतीची पाती काढून लगेच त्याच दिशेने नवी बसवावीत, किंवा आधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढावेत. रोटर कामाच्या दिशेने फिरताना पात्याची धार आधी जमिनीत शिरली पाहिजे. उलटे बसलेले पाते माती खणत नाही, ठोकते.

एखादेच पाते तुटले असेल तर त्याच्या समोरचेही बदलावे, म्हणजे तोल बिघडत नाही. बोल्ट हाय टेन्साइल असावेत, स्प्रिंग वॉशरसह, आणि नवी पाती लावल्यावर पहिल्या तासाभरानंतर सर्व पुन्हा आवळावेत. झिजलेल्या पात्यांना वेल्डिंगने पट्ट्या जोडून घेण्याची पद्धत गावागावांत आहे, परंतु वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचे पाणी (कडकपणा) उतरते आणि पाते जोडाशेजारी तुटते. तुटलेला तुकडा कोठे उडेल हे सांगता येत नाही.

शेतात

रोटर वाफसा असतानाच मारावा. ओल्या काळ्या जमिनीत चिखलाचे लपके पात्यांना चिकटून तोल जातो, आणि उन्हाळ्यात वाळून दगड झालेल्या जमिनीत आधी फण मारून मगच रोटर घालावा. चार ते पाच इंच खोली पुरे. ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये सावकाश चालवावा. माती बारीक हवी असेल तर मागचे फळके खाली घ्यावे, जाडसर हवी असेल तर वर. पुरंदरच्या मुरमाड माळावर पहिल्या वर्षी दगड वेचल्याशिवाय रोटाव्हेटर नेऊ नये. बांधाजवळ वळताना आधी पीटीओ बंद करावा, मग उचलावे आणि मग वळावे. रोटर जमिनीत असताना स्टिअरिंग फिरवले तर रोटर आणि चौकट दोन्हींवर आडवा ताण येतो. हरळी आणि लव्हाळा असलेल्या तुकड्यात रोटर जपून वापरावा, कारण तुकडे झालेल्या काशा आणि गाठी शेतभर पसरून प्रत्येकातून नवे रोप उगवते. वर्षानुवर्षे त्याच खोलीवर रोटर चालत राहिल्यास खाली कडक थर बनतो, म्हणून अधूनमधून खोल नांगरट किंवा सबसॉयलर (खालचा कडक थर फोडणारे अवजार) आवश्यक ठरतो.

दूरच्या गावाहून यंत्र आणताना ते ट्रॅक्टरच्या लिफ्टवर लोंबकळत ठेवून दिवे घाटासारख्या रस्त्याने आणू नये. मिनी ट्रॅक्टरचे पुढचे टोक हलके होते आणि चेक चेन (अवजार आडवे हलू न देणाऱ्या साखळ्या) सैल असतील तर मागे झोल बसतो. तीन फुटी रोटाव्हेटर लहान पिकअपमध्ये सहज मावतो.

पावसाळ्याआधी रोटाव्हेटर धुवावा, पण प्रेशरच्या पाण्याचा झोत सील आणि ब्रीदरवर मारू नये. सुकल्यावर पात्यांना आणि रोटरच्या उघड्या पाइपला जुने इंजिन ऑइल ब्रशने लावावे, शाफ्ट सुटा करून कोरड्या जागी टांगावा आणि यंत्र पत्र्याखाली लाकडी फळ्यांवर टेकवावे. शेड नसेल तर ताडपत्री घालावी, मात्र ती गिअरबॉक्सवर घट्ट न आवळता खालून हवा खेळेल अशी बांधावी, कारण आत साठलेल्या दमटपणाने गंज लवकर चढतो. पाऊस संपल्यावर प्रथम जोडण्यापूर्वी दोन्ही पेट्यांचे खालचे प्लग जरा सैल करावेत. पाणी तेलापेक्षा जड असल्याने शिरले असेल तर तेच आधी बाहेर येते.